अंथरूण वाढते, पाय वाढतात

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्या पूर्वजांनी काटकसरीच्या उपदेशासाठी रचली. ऋण काढून सण करणाऱ्याला आवर घालावा, एवढाच तिचा हेतू. संगणकाच्या राज्यात ही म्हण अगदी अक्षरशः पाळली जाते. परंतु तिचा अर्थ मात्र नेमका उलटा होऊन बसला आहे. तेथे अंथरूण जितके मोठे करावे तितके पाय लांब होतात, आणि कितीही ऐसपैस अंथरूण घातले तरी सकाळी पाहावे तो पाय पुन्हा उघडेच!

हे लिहिण्याचे निमित्त तसे क्षुल्लक आहे. माझ्या कार्यालयात (ते कोणत्या खात्याचे व कोणत्या गावी, हे सांगण्याचे कारण नाही) मी रुजू झाल्यापासून तिसरा सर्व्हर आला. पहिल्याला ८ गिगाबाइट मेमरी होती, दुसऱ्याला ३२, आणि गेल्या वर्षी आलेल्या तिसऱ्याला १२८. या काळात कर्मचारी वाढले नाहीत. उलट चार पदे रिक्तच राहिली. कामही तेच : रजा, वेतन, प्रवासभत्ता, निवृत्तिवेतन. तरीही रजेचा अर्ज पडद्यावर उघडण्यास पूर्वी जेवढा वेळ लागे तेवढाच, किंबहुना थोडा अधिकच, आज लागतो. प्रणाली बसविण्यासाठी आलेल्या तरुण अभियंत्याला मी याचे कारण विचारले. त्याने मोठ्या सौजन्याने सांगितले की, मेमरी अपुरी पडते आहे, आणखी मागवावी, यंत्र हल्ली स्वस्त असते, महाग असतो तो माणूस.

या एका वाक्याशी माझे भांडण आहे. ते वाक्य त्या तरुणाचे नव्हे. ते एका संपूर्ण व्यवसायाचे ब्रीद होऊन बसले आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणे अगत्याचे वाटते.

आपण कारकून मंडळींनी तरी हा रोग नवा समजू नये. सी. नॉर्थकोट पार्किन्सन नावाचे इतिहासाचे एक इंग्रज प्राध्यापक सिंगापुरात शिकवीत असता त्यांनी १९५५ साली ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात एक उपहासगर्भ लेख लिहिला. हाती जेवढा वेळ असेल तेवढा व्यापून टाकण्याइतके काम फुगते, हा त्यांचा सिद्धान्त पुढे जगभर गाजला. त्यांनी दाखला दिला होता ब्रिटिश नौदल खात्याचा. १९१४ साली त्या नौदलात मोठ्या लढाऊ नौका ६२ होत्या. १९२८ साली त्या २० उरल्या. नौका दोन-तृतीयांशांनी घटल्या. परंतु मुख्यालयातील अधिकारी व लेखनिक मात्र २,००० वरून ३,५६९ झाले! या आकड्यांवरून आपणां सरकारी नोकरांची आजवर पुष्कळ थट्टा झाली आहे, आणि ती आपण निमूटपणे सोसलीही आहे. पण आज आमच्याच खोलीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाएवढ्या जागेत, नौदल खात्याला लाजवील अशी खोगीरभरती अहोरात्र चालली आहे, आणि तिला मात्र ‘प्रगती’ म्हणतात.

संगणकशास्त्रातील एका अधिकारी पुरुषानेच हे सर्वांत स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. ‘पास्कल’ ही संगणकभाषा निर्माण करणारे स्विस शास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ २०२४ च्या पहिल्याच दिवशी निवर्तले. त्यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये सडपातळ सॉफ्टवेअरचा कैवार घेणारा एक लेख प्रसिद्ध केला. यंत्र ज्या वेगाने जलद होत जाते त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जाते, असा त्याचा आशय. आणि या निरीक्षणाचे श्रेय त्यांनी आपले सहकारी मार्टिन रायझर यांना प्रांजळपणे दिले होते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या मजकूर-संपादकाला ८,००० बाइट पुरत, त्याच कामाला आता शंभरपट जागा लागते, अशी विर्थ यांची १९९५ सालची तक्रार होती. बिचाऱ्यांना पुढचे ठाऊक नव्हते! त्याच वर्षी बाजारात आलेल्या ‘विंडोज ९५’ ला किमान ४ मेगाबाइट मेमरी लागे. २००१ साली ‘एक्सपी’ला ६४ मेगाबाइट लागू लागली, २००९ साली ‘विंडोज ७’ ला १ गिगाबाइट, आणि २०२१ साली ‘विंडोज ११’ ला ४ गिगाबाइट. म्हणजे सव्वीस वर्षांत १,०२४ पट. या अवधीत आपले टिपण हजारपट चांगले झाले, की पत्र हजारपट लवकर निघू लागले, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मेजाकडे पाहून द्यावे.

ही वाढ होते कशी, ते समजून घेतल्यावाचून तिच्यावर टीका करणे न्याय्य होणार नाही. पहिले कारण थरांचे. सर्व्हरच्या यंत्रावर एक मूळ प्रणाली असते. तिच्यात एका आभासी यंत्राची स्थापना करतात, आणि त्या आभासी यंत्रात पुन्हा एक संपूर्ण मूळ प्रणाली. तिच्या पोटात एक पेटी, त्या पेटीत आपल्यापुरत्या सर्व साहित्याची स्वतंत्र प्रत. त्यात एक दुभाषा, दुभाष्यावर एक तयार सांगाडा, आणि या सर्वांच्या शिखरावर आमचा तो गरीब रजेचा अर्ज! प्रत्येक थराला काही ना काही समर्थन आहे. एकाही थराचा हेतू वाईट नाही. परंतु पाकिटात पाकीट घालीत गेले म्हणजे शेवटी पत्रापेक्षा टपालहशीलच अधिक होते.

दुसरे कारण विभागणीचे. पूर्वी जी आज्ञावली एकसंध असे तिचे हल्ली वीस-वीस तुकडे करतात, आणि ते तुकडे एकमेकांना जाळ्यावरून पत्रे धाडून माहिती विचारतात. शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याला मान वळवून जे विचारता आले असते, त्यासाठी टिपण लिहावयाचे, ते जावक करावयाचे, पलीकडे आवक करावयाचे, आणि उत्तरही त्याच वाटेने यावयाचे! मोठ्या, शेकडो अभियंत्यांच्या कारभाराला ही पद्धत सोयीची असेल. पण चाळीस माणसांच्या कार्यालयाच्या रजा मोजण्यास तिचे प्रयोजन काय?

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते आपल्या व्यवसायाला अगदी जवळचे आहे. आपल्याकडे फाइल बंद करताना तिच्यावर क, ख किंवा ग असा वर्ग लिहावा लागतो, आणि ‘ग’ वर्गातील फाइली मुदत संपताच छाननी करून नष्ट करतात. आपण हे काम किती कंटाळत करतो ते मी जाणतो. पण निदान नियम तरी आहे. सॉफ्टवेअरमध्ये असा नियमच नाही. एकदा घातलेली सोय कोणी काढीत नाही; कारण ती कोण वापरतो हे कोणाला ठाऊक नसते, आणि काढल्यावर काही मोडले तर दोष काढणाऱ्याचा. घालणाऱ्याला शाबासकी, काढणाऱ्याला ज्ञापन. मग घट होणार कशी?

चौथे कारण मंजुरीचे. सर्व्हर विकत घ्यावयाचा तर प्रस्ताव, वित्त विभागाची सहमती, निविदा, तुलनात्मक तक्ता अशी वाटचाल करावी लागे. ती वाट त्रासदायक होती, हे मी नाकारीत नाही. पण त्या वाटेवर निदान एक जण तरी “हे कशासाठी?” असे विचारी. आता यंत्रे दुसऱ्याच्या केंद्रातून भाड्याने मिळतात, आणि भार वाढताच प्रणाली आपली आपणच आणखी यंत्रे जोडून घेते. मागणारा तोच, मंजूर करणारा तोच! कोणत्याही लेखापरीक्षकाची झोप उडावी अशी ही व्यवस्था आहे. गंमत अशी की, आज्ञावलीतील चूक आता चूक म्हणून दिसतच नाही. ती महिनाअखेरीच्या देयकात एक आकडा म्हणून येते, आणि तो आकडा फेडणारा ती चूक करणाऱ्याहून निराळा असतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते हेच.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. यंत्र स्वस्त आणि माणूस महाग, म्हणून माणसाचा वेळ वाचवावा व यंत्र खर्ची घालावे, हा युक्तिवाद ऐकावयास बिनतोड वाटतो. पण खर्ची पडणाऱ्या यंत्राचे प्रमाण किती, हे त्यात कधीच सांगितलेले नसते. चार्ल्स लेझरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. ४,०९६ ओळी व तितकेच स्तंभ असलेल्या दोन सारण्यांचा गुणाकार करावयाचा. ‘पायथन’ भाषेत तो सरळसोट लिहिला तर सुमारे सात तास लागले. तोच ‘सी’ भाषेत लिहिला तेव्हा नऊ मिनिटे पुरली. आणि यंत्राची रचना ध्यानात घेऊन, त्याच्या सर्व गाभ्यांना काम वाटून तो लिहिला तेव्हा अर्ध्या सेकंदाच्या आत संपला. यंत्र तेच, अंतर साठ हजार पटींचे! हे टोकाचे उदाहरण आहे, नित्याच्या कामात एवढा फरक पडत नाही, हे मान्य. पण साठ हजारांऐवजी साठपट धरला, तरी आमच्या ६० सर्व्हरांचे काम एकाने झाले असते असा त्याचा अर्थ होतो.

कोणी म्हणेल की, एका यंत्राचे सोडा, आजची कामे अनेक यंत्रांवर वाटल्यावाचून होतच नाहीत. त्यांच्यासाठी २०१५ सालचा एक निबंध आहे. फ्रँक मॅकशेरी, मायकेल आयझार्ड व डेरेक मरे यांनी मोठ्या माहितीसाठी बांधलेल्या नामांकित प्रणालींची परीक्षा घेतली. १२८ गाभ्यांवर चालणाऱ्या त्या प्रणाली कितीतरी कामांत एका साध्या लॅपटॉपवरील एकाच धाग्याने चालणाऱ्या नेटक्या आज्ञावलीच्या मागे पडल्या. प्रणाली वाढत होत्या खऱ्या. पण त्या वाढीचा मोठा भाग स्वतःच निर्माण केलेले ओझे उचलण्यात जात होता. उलट बाजूचे उदाहरण व्हॉट्सॲपचे. २०१२ च्या जानेवारीत त्या कंपनीने जाहीर केले की, एकाच सर्व्हरवर २० लाखांहून अधिक जोडण्या तिने एका वेळी सांभाळल्या. तेव्हा मनात आणले तर होते. न होण्याचे कारण यंत्रात नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, आणि त्याला मी मान देतो. वाढलेल्या यंत्रशक्तीतून आपल्याला काहीच मिळाले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आपली देवनागरीच घ्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संगणकावर मराठी अक्षर उमटविण्यासाठी यंत्रात ‘जिस्ट’ नावाचे वेगळे कार्ड बसवावे लागे. पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे आणले. आज कोणत्याही साध्या दूरध्वनीवर जोडाक्षरे, वेलांट्या व रफार बिनबोभाट उमटतात. परमुलखात राहून घरच्यांना मराठीत पत्र लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे मोल सांगावयास नको. निरोप वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो कूटबद्ध करणे, अंधाला पडदा वाचून दाखविणे, यांसाठीही मेमरी लागते, आणि ती लागलीच पाहिजे. माझा झगडा वाढीशी नाही. हिशेब न देता होणाऱ्या वाढीशी आहे. पाहुण्यांसाठी खोली वाढविणे निराळे, आणि अडगळीसाठी खोल्या बांधीत जाणे निराळे. पहिल्याच्या नावावर दुसरे खपवू नये, एवढेच म्हणणे आहे.

आणि ही अडगळ फुकट नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील सर्व्हर-केंद्रांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज घेतली. जगाच्या वीजवापरातील हा वाटा सुमारे दीड टक्का. ती सारीच वाया गेली असे कोण म्हणेल? पण तीतील किती कामाला लागली आणि किती पाकिटांच्या पाकिटांना लागली, याचा हिशेब कोणी मागत नाही. ‘यंत्र स्वस्त’ हे ब्रीदही काही चिरंतन नव्हे. संगणकाचा ठोका दरसाल आपोआप जलद होण्याचे दिवस २००५ च्या सुमारासच सरले. आणि २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीची मागणी एवढी वाढविली की तिचे भाव कडाडले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला ‘विंडोज १०’ ची सर्वसाधारण मोफत देखभाल थांबली, आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली. सेवानिवृत्तीचे वय आपल्यालाही आहे. पण ते निदान आधी ठरलेले असते!

तथापि वीज आणि पैसा यांहून मोठी किंमत आणखी कोठे मोजली जाते, ते मी रोज पाहतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या खिडकीशी एक वृद्ध बाई आल्या. त्यांचे यजमान आमच्याच खात्यात चतुर्थ श्रेणीत होते. कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या कागदात नावाचे एक अक्षर चुकले होते, तेवढे दुरुस्त करावयाचे. दोन एस.टी. बदलून, म्हणजे त्या मुलखातल्या ज्या काही मोटारी असतात त्या बदलून, त्या आल्या होत्या. मी पान उघडले. पान म्हणजे काय, चित्रे, सरकती अक्षरे, मंत्रालयाच्या शुभेच्छा, आणि या सर्वांच्या तळाशी तो एक रकाना. आमच्या गावची जोडणी ती चित्रे ओढता ओढता थकली. तेवढ्यात ठरावीक वेळ टळली म्हणून प्रणालीने मला बाहेर काढले. तीनदा हेच झाले. शेवटी मी तो शब्द उच्चारला, जो उच्चारायचा नाही असे नोकरीत शिरताना मी मनाशी ठरविले होते : “उद्या या.”

“उद्या या” म्हणणारा कारकून ही आपल्या देशातील एक जुनी थट्टेची मूर्ती आहे. संगणक आल्यावर ती मूर्ती मोडेल, असे आम्हांला सांगण्यात आले होते. आणि मी तर त्यावर मनापासून विश्वास ठेवला होता. १९८५ साली नवी दिल्लीला रेल्वेचे आरक्षण संगणकावर सुरू झाले, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे खिडकीतल्या बाबूच्या समोर नुसत्या अक्षरांचा पडदा असे. ना चित्र, ना रंग. पण त्याची बोटे चालत तितक्या वेगाने तिकीट हाती पडे, आणि देशाच्या एका टोकाच्या गाडीतली जागा दुसऱ्या टोकाला मिळू लागली. यंत्रे आजच्या मानाने दुबळी होती, म्हणूनच आज्ञावली लिहिणाऱ्याला खिडकीबाहेरच्या रांगेचा विचार करावा लागला. आज यंत्र बलवान झाले आणि रांगेचा विचार सुटला. राजधानीतल्या अभियंत्याच्या मेजावरचे यंत्र नवे कोरे, जोडणी जलद. तेथे पान क्षणात उघडते. ते उघडते म्हणून तो ‘झाले’ असा शेरा मारतो. त्याच्या वाचलेल्या एका दिवसाची भरपाई देशभरातील शेकडो खिडक्यांवर, बाकावर बसलेली माणसे आपल्या दिवसांनी करतात. महाग माणूस तो, आणि ही माणसे स्वस्त, असाच ‘यंत्र स्वस्त, माणूस महाग’ याचा खरा अर्थ निघतो. मला तो मान्य नाही.

उपाय कठीण आहेत काय? मला तरी वाटत नाही. कारण ते आपल्याच दफ्तरात पडले आहेत. खर्चाला जशी अंदाजपत्रकाची मर्यादा असते तशी मर्यादा प्रत्येक प्रणालीच्या मेमरीला व प्रत्येक पानाच्या वजनाला करारातच घालावी, आणि ती ओलांडावयाची तर कारणासहित मंजुरी घ्यावी. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर काय घातले याची यादी येते. काय काढले याचीही यादी मागावी. आणि प्रणाली स्वीकारण्यापूर्वी तिची चाचणी राजधानीतील उत्तम यंत्रावर न घेता खात्याच्या सर्वांत दूरच्या कार्यालयातील सर्वांत जुन्या यंत्रावर, त्याच जोडणीवर घ्यावी. तेथे जी चालेल ती सर्वत्र चालेल.

या मासिकाच्या वाचकांपैकी कितीतरी जण आज निविदा-समित्यांवर, वित्त विभागांत, लेखापरीक्षेत बसले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांनी नोकरीची काही वर्षे तरी अशा दूरच्या कार्यालयात काढली आहेत. त्यांच्यापुढे जेव्हा आणखी मेमरीची, आणखी सर्व्हरची मागणी येईल, तेव्हा त्यांनी ती नाकारावी असे मी म्हणत नाही. फक्त फाइलीवर एक प्रश्न लिहावा : काम किती वाढले? त्याचे उत्तर आल्याखेरीज सही करू नये.

त्या बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मी सकाळी आठालाच जाऊन बसलो होतो. त्या वेळी जोडणी मोकळी असते. अक्षर दुरुस्त झाले. त्याला लागली चार मिनिटे, आणि त्यांतली साडेतीन चित्रे यावयाची वाट पाहण्यात गेली.